सुशिक्षितांची मतपराङ्मुखता

मतदानाच्या दिवशी पगारी सुटी मिळावी अशी तरतूद आमच्या कायद्यात १९९६ सालापासून आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्या वर्षी कलम १३५-ब घालण्यात आले, आणि ज्यास मताचा अधिकार आहे अशा नोकराचे त्या दिवसाचे वेतन मालकाने कापता कामा नये, असे त्यात सांगितले गेले. कायदा करणारांचा हेतू सरळ होता. कारखान्यातल्या, दुकानातल्या, कचेरीतल्या माणसास मत आणि पोट ह्यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी येऊ नये, एवढाच तो हेतू. परंतु ज्यांच्या पोटाचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे त्या आमच्या शहरी सुशिक्षित वर्गाने ह्या तरतुदीचा जो अर्थ लावला, तो कायदा करणारांच्या स्वप्नातही आला नसेल. मतदान सोमवारी आले की तीन दिवसांची सलग सुटी जमते. आणि तीन दिवसांत महाबळेश्वर होते, अलिबाग होते, कोकणातले आजोळ होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्याचे मतदान १३ मे रोजी व मुंबईचे २० मे रोजी झाले. दोन्ही दिवस सोमवार होते. त्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीसाठी २० नोव्हेंबर हा बुधवार ठरविण्यात आला, आणि शहरी मतदारांची उदासीनता ध्यानात घेऊनच आठवड्याच्या मधला वार निवडला आहे, असे मुख्य निवडणूक आयुक्तांस जाहीरपणे सांगावे लागले. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या निवडणूक आयोगास सुशिक्षितांच्या सहली टाळण्यासाठी वार शोधीत बसावे लागावे, ह्याहून त्या सुशिक्षितांची अधिक नालस्ती दुसऱ्या कोणी करण्याची आवश्यकता नाही.

आणि वार शोधूनही काय झाले? त्या बुधवारी साऱ्या महाराष्ट्रात शंभरातील सुमारे सहासष्ट मतदार मतदानास गेले. परंतु मुंबईच्या कुलाबा मतदारसंघात चव्वेचाळीस-पंचेचाळीसांहून अधिक गेले नाहीत. हा कुलाबा म्हणजे काही आडवळणाचे रान नव्हे. मंत्रालय तेथे आहे. ज्या विधानसभेसाठी मतदान होत होते तिचे विधानभवनही तेथेच आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याआधीच्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबई व कल्याण येथे सुमारे पन्नास टक्के, विद्येचे माहेरघर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यात सुमारे चोपन्न टक्के, आणि गडचिरोली-चिमूर येथे सुमारे बहात्तर टक्के मतदान झाले. ज्या गडचिरोलीत एप्रिलच्या उन्हात जंगलातील वाट तुडवावी लागते, जेथे सुरक्षेच्या कारणास्तव काही भागांत मतदान दुपारीच आटोपते घ्यावे लागते, तेथील माणूस मतदानास जातो. आणि ज्याच्या गल्लीच्या टोकास शाळेत केंद्र आहे, तो जात नाही.

शहरांतील मतदारयाद्यांत मृतांची, घरे बदलून गेलेल्यांची आणि दुबार नोंदलेल्यांची नावे पुष्कळ असतात, व त्यामुळे तेथील टक्केवारी वास्तवापेक्षा काहीशी कमी दिसते, हे आम्ही मान्य करतो. ऊसतोडणीस घरदार सोडून दूरच्या कारखान्यावर गेलेला मजूर, पेढीवरून सुटी न मिळालेला पोऱ्या, रुग्णाच्या उशाशी बसलेली परिचारिका ह्यांच्यावर आमचा रोख नाही. ह्यांना जाता येत नाही. आम्ही बोलत आहो ते जाता येत असून न जाणाऱ्यांविषयी. आणि हा वर्ग परका नाही. ह्या मासिकाचा वाचकवर्ग तोच, लेखकवर्ग तोच, आणि प्रस्तुत लेखकही त्याच वर्गातला. तेव्हा पुढील शब्द कठोर वाटले तर ते घरातल्या माणसाने घरातल्यांस सुनावलेले आहेत असे समजावे.

आमच्या ह्या वर्गाचा मताधिकाराशी जुना संबंध आहे, आणि तो फारसा भूषणावह नाही. मत कोणास द्यावे हा प्रश्न इंग्रजी अमदानीत जेव्हा जेव्हा निघाला, तेव्हा तेव्हा 'लायकी' हा शब्द आमच्यातील पुष्कळांच्या तोंडी होता. १९१९ च्या कायद्याने मताधिकार दिला तो मालमत्ता पाहून, शेतसारा पाहून, प्राप्तीवरील कर पाहून. १९३५ च्या कायद्याने तो वाढविला, त्यात शिक्षणाचीही अट एक पात्रता म्हणून आली. तरीही ब्रिटिश हिंदुस्थानातील मतदारांची संख्या तीन-साडेतीन कोटींच्या घरातच राहिली. स्त्रियांस मुंबई इलाख्यात १९२१ साली मताची वाट मोकळी झाली खरी, परंतु मालमत्तेची अट कायम असल्यामुळे ती वाट फारच थोड्या स्त्रियांच्या दारापर्यंत पोहोचली. आणि १९३५ नंतरही पुष्कळ स्त्रिया मतदार झाल्या त्या नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर. निरक्षर, निर्धन, अस्पृश्य आणि स्त्रिया ह्यांच्या हाती मत देणे म्हणजे मुलाच्या हाती कोलीत देणे, असे म्हणणारे विद्वान त्या काळी सरकारच्या बाजूस होते, तसेच लोकांच्या बाजूसही होते.

ह्याच्या उलट बाजूने ज्यांनी आवाज उठविला, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अग्रगण्य होत. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे त्यांची साक्ष झाली, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही पुरे झाले नव्हते. अस्पृश्यांस मत मिळेल अशा रीतीने पात्रतेची अट खाली आणावी, हे त्यांनी तेथे मांडले; आणि पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकाराचीच मागणी केली. ज्यास समाजाने कोठेही स्थान दिले नाही त्याला राज्यात स्थान देणारी पहिली वस्तू मत ही होय, हा त्या मागणीचा इत्यर्थ होता. त्याच वर्षीच्या नेहरू अहवालानेही प्रौढ मताधिकार मान्य केला होता. शेवटी राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने तो प्रत्यक्षात आणला. आणि सातबाऱ्याचा उतारा, कराची पावती व शाळेचा दाखला ह्यांपैकी काहीही न विचारता, केवळ वय पाहून, एकवीस वर्षांच्या प्रत्येक नागरिकास मत दिले. १९८९ साली घटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने ते वय अठरावर आले.

ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ ह्या अवधीत पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार सुमारे सतरा कोटी. देशात शंभरातील सुमारे अठरांस लिहिता-वाचता येत होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनी प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी ठेवली, आणि नाव वाचता न येणाऱ्याला चिन्ह ओळखून मत टाकता यावे अशी व्यवस्था केली. स्त्रियांची नावे नोंदविताना मोठीच अडचण उपस्थित झाली. अमक्याची बायको, तमक्याची आई, ह्यापलीकडे परक्या माणसास आपले नाव सांगणे पुष्कळजणींस रुचेना. नावावाचून नोंद नाही असे सेनांनी ठरविले, आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. तो निर्णय त्या वेळी कठोर वाटला असेल. परंतु राज्य स्त्रीस तिच्या स्वतःच्या नावाने ओळखील, नवऱ्याच्या नावाने ओळखणार नाही, हा दंडक त्यामुळे पडला. त्या निवडणुकीत शंभरातील सुमारे पंचेचाळीस मतदारांनी मत दिले.

आता ह्या परीक्षेचा निकाल पाहा. २०२४ साली मतदारांची संख्या सत्त्याण्णव कोटींच्या आसपास गेली होती, आणि शंभरातील सुमारे सहासष्टांनी मतदान केले. २०१९ व २०२४ ह्या दोन्ही लोकसभा निवडणुकांत स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांच्या प्रमाणापेक्षा किंचित का होईना, अधिक भरले. ज्यांच्या आज्या-पणज्या आपले नाव सांगण्यास संकोचत होत्या, त्या आज रांगेत पुरुषांच्या पुढे उभ्या आहेत. ज्यांस आम्ही अडाणी म्हटले, त्यांनी सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत सरकारे बसविली, उतरविली, आणि पुन्हा बसविली. शांतपणे, बोटास शाई लावून. आणि ज्या वर्गाने लायकीचा दाखला स्वतःच्या सहीने स्वतःस दिला होता, तो कोठे आहे? तो घाटात आहे. वाहनांच्या रांगेत अडकून सरकारला दूषणे देत आहे. लायकीची कसोटी लावण्याचा अधिकार कोणाला असलाच, तर आज तो गडचिरोलीच्या मतदाराला आहे. कुलाब्याच्या मतदाराने तो मागण्याचे धाडस करू नये.

हे उघड बोलले की नाना प्रकारची उत्तरे मिळतात. त्यांतील मुख्य उत्तरांची छाननी करू.

पहिले उत्तर असे की, लक्षावधी मतांत माझ्या एका मताने काय होते? ह्याला प्रत्युत्तर म्हणून एका मताने जिंकल्या-हरल्याच्या गोष्टी सांगण्याचा प्रघात आहे, आणि त्या खऱ्याही आहेत. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा येथे सी. पी. जोशी ह्यांस ६२,२१५ मते पडली, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यास ६२,२१६. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांची मते अगदी समसमान झाली आणि चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरवावा लागला. २०२४ साली वायव्य मुंबईची लोकसभेची जागा ४८ मतांनी ठरली. तथापि ह्या गोष्टींवर आम्ही आमच्या म्हणण्याची इमारत उभारणार नाही. असा प्रसंग शेकडो निवडणुकांत एखादाच येतो; आणि त्याच्याच आशेने मत द्यावयाचे तर मतदान आणि सोडत ह्यांत भेद काय राहिला?

खरे उत्तर वेगळे आहे. मत हे केवळ उमेदवार निवडत नाही. ते मत देणाऱ्याची गणती करून घेते. मतमोजणीनंतर नमुना २० म्हणून एक तक्ता तयार होतो, आणि त्यात कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली हे केंद्रनिहाय मांडलेले असते. अमुक माणसाने कोणाला मत दिले हे कोणालाही कळत नाही व कळू नये. परंतु अमुक गल्लीतून, अमुक वसाहतीतून किती माणसे बाहेर पडली, हे राजकारण करणाऱ्या प्रत्येकास तोंडपाठ असते. लोकप्रतिनिधीचा वेळ थोडा, पैसा थोडा, आणि मागण्या अपार. तो आपला वेळ व पैसा कोठे घालील? जेथून मते येतात तेथे. ह्यास कोणी अन्याय म्हणो, परंतु दुकानदार ज्या न्यायाने गिऱ्हाइकाकडे आधी वळतो आणि दारावरून नुसत्या जाणाऱ्याकडे मागाहून, तोच हा न्याय आहे.

ह्याचा एक अनुभव आम्ही स्वतः घेतलेला आहे, व तो सांगताना आम्हास आजही संकोच वाटतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका महापालिका निवडणुकीत आम्ही मतदानास गेलो नाही. उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या, हे त्या वेळचे निमित्त, वस्तुतः आळस. पुढे उन्हाळ्यात आमच्या वसाहतीचे पाणी दिवसाआड होऊ लागले, आणि शेजाऱ्यांनी अर्ज लिहिण्याचे काम अर्थातच प्राध्यापकाकडे दिले. अर्ज उत्तम उतरला होता. तो घेऊन आम्ही चौघेजण नगरसेवकाकडे गेलो. त्याने चहा मागविला, अर्ज पुरा वाचला, आणि अत्यंत अदबीने म्हटले, "सर, तुम्ही स्वतः आलात, बरं वाटलं. पण तुमच्या तीन इमारतींतून त्या दिवशी किती जण खाली उतरले, ते आमच्याकडे लिहिलेलं आहे. पलीकडच्या वस्तीतल्या बायका पहाटेपासून रांगेत होत्या. त्यांचा नळ आधी बघतो, मग तुमचा." त्याचे बोलणे ऐकून आमच्यातील एक गृहस्थ बाहेर आल्यावर संतापले. आम्हास मात्र संताप आला नाही. कारण त्याच्या बोलण्यात खोटे काय होते, ते आम्हास काही केल्या सापडेना. त्यानंतरचे एकही मतदान आम्ही चुकविलेले नाही.

दुसरे उत्तर असे की, उमेदवार सगळे सारखेच. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून निवडावयाचे, तर निवडावयाचेच कशाला? हे उत्तर वैराग्याचा आव आणते, परंतु त्याच्या मुळाशी बहुधा अज्ञान असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवारास आपल्यावरील फौजदारी खटले, आपली मालमत्ता, आपले कर्ज व आपले शिक्षण प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागते. ही पत्रे कोणासही पाहावयास मिळतात. ज्यास वाचता येत नाही तो ती दुसऱ्याकडून वाचवून घेतो. ज्यास वाचता येते तो ती न वाचताच 'सगळे सारखे' असा निकाल देऊन मोकळा होतो! भाजी घेताना चार वांगी उलटून पाहणारा माणूस पाच वर्षांचा कारभारी निवडताना टोपलीकडे नजर टाकण्याचेही कष्ट घेत नाही, आणि मग सगळीच वांगी किडकी म्हणून सांगतो. आणि पाहूनही खरोखरच कोणी योग्य वाटला नाही, तर त्याचीही सोय न्यायालयाने २०१३ साली करून ठेविली आहे. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण त्याच यंत्रावर असते. तेवढ्याने निवडणूक रद्द होत नाही हे खरे; परंतु नापसंती मोजली जाते, छापली जाते, आणि ज्यांनी वाचावयाची ते ती वाचतात. मात्र ते बटण दाबण्यासाठीसुद्धा घराबाहेर पडावे लागते.

ह्याच ठिकाणी एक सूक्ष्म शंका येते. न जाणे हाही एक निषेधच नव्हे काय? आमचे म्हणणे असे की, निषेधास तोंड असावे लागते. १९२० साली काँग्रेसने कौन्सिलांच्या निवडणुकांवर बहिष्कार घातला, तो ठराव करून, सभा भरवून, जागांवर पाणी सोडून घातला. त्यात त्याग होता, आणि म्हणून त्याचा अर्थ सरकारलाही कळला. आजही रस्ता नाही म्हणून एखादे गाव मतदानावर बहिष्कार घालते, तेव्हा ते वेशीवर फलक लावते, आणि तहसीलदार धावत येतो. परंतु सहलीस गेलेल्या माणसाची रिकामी जागा आणि निषेध करणाऱ्याची रिकामी जागा ह्यांत मतपेटीस भेद करता येत नाही. ज्या मौनाचा अर्थ 'कळवळा' असाही होतो आणि 'कंटाळा' असाही होतो, त्याचा अर्थ सत्ताधारी नेहमी आपल्या सोयीचाच लावणार.

तिसरे उत्तर आमच्या वर्गाच्या विशेष आवडीचे आहे. मते विकली जातात, अडाणी लोक पैसे घेऊन मत देतात, तेथे आम्ही जाऊन काय करावयाचे? पैशाने मते फिरविण्याचे प्रयत्न होतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हे उत्तर देणाऱ्याने साधा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहावा. एखाद्या प्रभागात चाळीस हजार मतदार आहेत, आणि कोणी चार हजार मते पैशाने बांधली आहेत असे समजू. एकूण वीस हजारच मतदानास आले, तर त्या बांधलेल्या मतांचे वजन एक-पंचमांश. बत्तीस हजार आले, तर एक-अष्टमांश. सगळेच आले, तर एक-दशांश. म्हणजे घरी बसलेला प्रत्येक प्रामाणिक मतदार विकत घेतलेल्या मतास फुकट वजन देत असतो. पैसे वाटणाऱ्यास जो सर्वांत उपयोगी पडतो, तो पैसे घेणारा नव्हे. कारण मत गुप्त असल्यामुळे तो पैसे घेऊनही मनास येईल तेथे बटण दाबू शकतो. सर्वांत उपयोगी पडतो तो पैसे न घेता घरी बसणारा. त्याला काही द्यावेही लागत नाही.

ह्याच उत्तराचा धाकटा भाऊ म्हणजे 'आम्ही कर भरतो' हा अभिमान. जणू कर भरला की नागरिकत्वाची उधारी फिटली! साबणाची वडी घेणारी मोलकरीणही वस्तू व सेवा कर भरते. तो तिच्या किमतीतच असतो, म्हणून तिला त्याची पावती मिरवता येत नाही, इतकेच. आणि कर भरणाऱ्यानेच तर तो खर्च करणारा कोण असावा, ह्याची अधिक चौकशी करावयास हवी. घरातला पैसा कपाटात ठेवून किल्ली कोणाच्या हाती आहे हे न पाहणारा गृहस्थ स्वतःस व्यवहारी म्हणवून घेऊ लागला, तर आम्ही त्यास हसू.

चौथे उत्तर मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मतदानास गेलो, पण यादीत नावच नव्हते. असे सांगणारे प्रत्येक निवडणुकीत भेटतात, आणि त्यांतील कित्येकांवर खरोखर अन्याय झालेला असतो. यंत्रणेचा हा दोष आहे, आणि तो तिच्या पदरात घातलाच पाहिजे. परंतु दोषाचा निवाडा मतदानाच्या सकाळी केंद्राच्या दारात करून काय उपयोग? यादीचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती मागविल्या जातात, नाव घालण्यासाठी नमुना ६ असतो, दुरुस्तीसाठी व स्थलांतरासाठी नमुना ८ असतो. २०२२ सालापासून तर अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या तारखा वर्षातून चार धरल्या जातात. विजेचे देयक चुकले तर जो माणूस दुसऱ्याच दिवशी कचेरीत हजर होतो, तो मतदारयादीतील आपले नाव पाच वर्षांत एकदाही पाहत नाही; आणि मग मतदानाच्या दिवशी लोकशाहीने आपणास फसविले असे म्हणतो. यादी ही आमची वस्तू आहे. तिचे राखण आम्ही न केले, तर ज्यांस ती बिघडविण्यात स्वारस्य आहे ते करतील.

राज्य आपल्या बाजूने किती दूर येते, हेही पाहावे. अरुणाचल प्रदेशात मालोगाम ह्या ठिकाणी २०१९ व २०२४ साली एका स्त्री-मतदारासाठी स्वतंत्र केंद्र मांडण्यात आले, आणि कर्मचारी सुमारे चाळीस किलोमीटरची डोंगरातील वाट चालून तेथे गेले. २०२४ साली पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांस व अपंगांस घरी येऊन मत घेण्याची सोय झाली. एका मतासाठी चाळीस किलोमीटर चालणाऱ्या राज्यातच चाळीस पावले न चालणारा नागरिक राहतो.

मत नसले म्हणजे काय होते, हे मुंबईने अलीकडेच अनुभविले. घटनेच्या २४३-यू ह्या कलमाप्रमाणे महापालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावयास हवी. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षण व प्रभागरचना ह्यांच्या वादांत निवडणूक लांबत गेली, आणि ती झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेतीन वर्षांहून अधिक काळ एवढ्या मोठ्या शहरात एकही निवडलेला नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाचा. प्रशासक वाईट असतो असे नव्हे. परंतु त्याला पुन्हा तुमच्या दारी यावयाचे नसते. ह्या काळात आमचा वर्ग खड्ड्यांविषयी पत्रे लिहीत होता. आमची निवडणूक कोठे गेली, असे विचारण्यास मात्र फार थोडे पुढे आले. ज्याने मत कधी वापरलेच नाही त्याला ते हिरावले गेल्याचे कळावे तरी कसे? न वापरलेल्या हक्काची हीच गत होते. तो कोणी रीतसर काढून घेत नाही. तो नाही, हेच एके दिवशी कोणाच्या ध्यानात येत नाही. मतपराङ्मुखतेतला खरा धोका आम्हास दिसतो तो हा.

मग सक्ती करावी काय? ऑस्ट्रेलियाने १९२४ सालापासून लोकसभेच्या मतदानाची सक्ती केली आहे, आणि न जाणाऱ्यास तेथे लहानसा दंड होतो. आमच्या शेजारच्या गुजरातेतही स्थानिक निवडणुकांपुरता सक्तीचा कायदा झाला; २०१५ साली उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलास स्थगिती दिली. आम्ही सक्तीच्या विरुद्ध आहो. दंड बसेल तो ऊसतोडणी मजुरास बसेल, कारण त्याला नोटिशीचे उत्तर देता येणार नाही. सहलीस गेलेला गृहस्थ तर वैद्यकीय दाखला आणील! शिवाय ज्या कृत्याने माणूस स्वतःचा राजा होतो, ते कृत्य चाबकाखाली करवून घेणे हे त्या कृत्याची विटंबना करणे आहे. सक्ती नको. लाज हवी. श्राद्धाच्या दिवशी घरी नसणे, शेजारी प्रेत असता दार लावून बसणे, ह्यांवर कायद्याने दंड नाही. तरी ते कोणी करीत नाही, कारण चारचौघांत तोंड दाखविता येणार नाही हे प्रत्येकास ठाऊक असते. मतदान चुकविणाऱ्यास तशी लाज जेव्हा वाटू लागेल, तेव्हा आयोगास वार शोधावा लागणार नाही.

ही लाज निर्माण करण्याचे काम सरकारचे नव्हे, आमचे आहे. आमच्या महाविद्यालयांत अठरा वर्षांच्या मुलाने प्रवेशाच्या अर्जाबरोबर यादीतील नोंदीचा अर्जही भरला आहे की नाही, हे त्याला विचारावयास कोणा प्राध्यापकाचे काय जाते? वसाहतीच्या वार्षिक सभेत वाहने कोठे उभी करावी ह्यावर दोन तास भांडणाऱ्या आम्ही मंडळींनी पाच मिनिटे यादी वाचावी. मतदानाच्या सकाळी ज्या घरात म्हातारी माणसे आहेत, त्यांस केंद्रावर कोण नेणार हे आदल्या रात्री ठरवावे. घरी काम करणाऱ्या बाईस त्या दिवशी तासभर उशिरा येण्यास आपण होऊन सांगावे. आणि ती आधीच मत देऊन आलेली असेल, तर तिच्या बोटावरील शाई पाहून आपले बोट कोरे का, हे स्वतःस विचारावे. ह्यात देशभक्तीचा मोठा आव काहीच नाही. सकाळचा अर्धा-पाऊण तास आहे.

१९१९ साली ज्यांस मत नव्हते त्यांच्यासाठी एका तरुणाने एकट्याने समितीपुढे उभे राहून भांडण केले. आज मत सर्वांस आहे. ज्यांच्यासाठी ते भांडण झाले, त्यांनी त्या मताची बूज राखली. ज्यांस ते न भांडता मिळाले, त्यांनी मात्र ते कपाटात टाकिले. पुढील निवडणूक केव्हा यावयाची ती येईल. सोमवारी येईल की बुधवारी, हे आयोग ठरवील. त्या दिवशी आम्ही घाटात आहो की रांगेत, हे ठरविणे मात्र आमच्याच हाती आहे, आणि तेथे 'वरीलपैकी कोणीही नाही' असे तिसरे बटण नाही.